बारवेतील साती आसरा : थोडा इतिहास व एक विनंती



आपल्या ग्रामदैवत श्री भैरवनाथाच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम आज पूर्णत्वास येत आहे. गाभारा, सभामंडप व शिखर यांची हकीकत या स्मरणिकेत इतरत्र आलेलीच आहे. प्रस्तुत लेख मात्र मंदिराच्या मागील बाजूस असलेल्या बारवेविषयी आणि त्या बारवेच्या कोनाड्यात शेंदूर लावून बसविलेल्या सात तांदळ्यांविषयी आहे. त्यांना आपण साती आसरा म्हणतो. त्यांना कळस नाही, पुजारी नाही, पालखी नाही, आणि वर्गणीच्या पावतीवरही त्यांचे नाव नाही. तरीसुद्धा या गावातील एकही घर असे नसेल की ज्या घरच्या बाळंतिणीने त्यांच्यापुढे हळदकुंकू वाहिलेले नाही.

जीर्णोद्धाराच्या कामात या सात तांदळ्यांविषयी दोन सूचना पुढे आल्या आहेत. पहिली अशी की, ते वर आणून नव्या प्राकारात संगमरवरी ओट्यावर बसवावेत. दुसरी अशी की, बारवेचे पाणी आता कोणी पीत नसल्यामुळे ती भरून घेऊन वर स्लॅब टाकावा, म्हणजे यात्रेत वाहनांना जागा होईल. दोन्ही सूचना करणारांचा हेतू चांगला आहे. निर्णय ग्रामसभेने घ्यावयाचा आहे. परंतु निर्णयापूर्वी या आसरा म्हणजे कोण, त्या पाण्यातच का राहतात आणि आपल्या पूर्वजांनी त्यांचा एवढा मान का राखला, हे सर्वांसमोर असावे, एवढ्याच हेतूने यथामती लिहीत आहे.

आसरा कोण?

लोकसमजुतीप्रमाणे आसरा या सात बहिणी आहेत. माणसांची वस्ती जमिनीवर तशी त्यांची वस्ती पाण्याखाली. नदीचा डोह, तळे, विहीर, बारव, झरा ही त्यांची घरे. त्या वयाने तरुण, रूपाने देखण्या, अंगावर ओली वस्त्रे, केस मोकळे. त्या डोळ्यांस दिसत नाहीत; परंतु भर दुपारी बारा वाजता किंवा तिन्हीसांजेला पाणवठा निर्मनुष्य असला की त्या वर येतात, काठावर केस वाळवितात, अशी समजूत आहे. त्या वेळी एकट्याने पाण्यावर जाऊ नये, मोठ्याने बोलू नये, पाण्यात थुंकू नये, असे आपल्या आज्ज्या सांगत आल्या. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याजवळ म्हसोबाचा एखादा तांदळा असतो. त्याला कोणी त्यांचा भाऊ म्हणतात, कोणी राखणदार.

त्यांची पूजा साधी असते. हिरव्या बांगड्या, फणी, काजळ, चोळीचा खण, नारळ, फुले आणि दहीभाताचा नैवेद्य. बारकाईने पाहिले तर हे देवीचे वैभव नव्हे. माहेरी आलेल्या लेकीची ओटी भरावी तसे हे देणे आहे. देवळातील देवाला आपण नवस बोलतो. आसरांना आपण सांभाळून घ्या असे सांगतो. देव आणि शेजारी यांच्यामध्ये कुठेतरी त्यांचे स्थान आहे. आपल्याच गावात, आपल्याच पाण्यावर राहणारे, परंतु आपल्याला न दिसणारे असे हे दुसरे बिऱ्हाड होय.

नावाचा उगम

'आसरा' हा शब्द ऐकताच 'आश्रय' हा अर्थ मनात येतो. परंतु ते दोन शब्द निराळे आहेत. 'आसरा देणे' यातील आसरा हा संस्कृत 'आश्रय' या शब्दापासून आला, तर पाण्यातील आसरा या मूळच्या 'अप्सरा'. अप् म्हणजे पाणी आणि सृ म्हणजे सरणे, चालणे. पाण्यातून संचार करणारी ती अप्सरा, अशी या शब्दाची फोड केली जाते. पुढे पुराणांत अप्सरा म्हणजे इंद्राच्या दरबारात नृत्य करणाऱ्या स्वर्गीय स्त्रिया, असे चित्र तयार झाले आणि नाटक-सिनेमांनी तेच पक्के केले. परंतु वैदिक वाङ्मयातील अप्सरा पाण्याच्या आणि वृक्षांच्या सहवासात राहणाऱ्या आहेत. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आजीने अप्सरांना पाण्याकाठीच ठेवले. म्हणजे जुना अर्थ तिने जपला, असे म्हणावयास हरकत नाही.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांचा संवाद आहे. तीच कथा शतपथ ब्राह्मणात विस्ताराने येते. उर्वशी मनुष्यलोकी राहावयास तयार झाली, पण काही अटींवर. पुरूरवा तिला विवस्त्र स्थितीत दिसता कामा नये, ही त्यांतील एक अट होती. गंधर्वांनी कपटाने तिची कोकरे पळविली, राजा तसाच उठून धावला, गंधर्वांनी वीज चमकविली आणि अट मोडली. त्याच क्षणी उर्वशी नाहीशी झाली. राजा तिला शोधीत कुरुक्षेत्रात भटकत एका कमळांच्या तळ्यापाशी आला. तेथे अप्सरा पाणपक्ष्यांच्या रूपाने पोहत होत्या आणि त्यांत उर्वशी होती.

ही कथा येथे सांगण्याचे कारण एवढेच की, आसरांच्या सर्व कथांचे मर्म तिच्यात आहे. हे अदृश्य लोक माणसाजवळ राहतात ते कराराने. करार पाळला तोपर्यंत सुख. करार मोडला की ते परत पाण्यात जातात.

सात हीच संख्या का?

धार्मिक विधींमध्ये जलमातृकांची पूजा सांगितली आहे. तीत सात नावे घेतली जातात : मत्सी, कूर्मी, वाराही, दर्दुरी, मकरी, जलूकी आणि तंतुकी. अर्थ लावून पाहिला तर मत्सी म्हणजे मासोळी, कूर्मी कासवी, दर्दुरी बेडकी, मकरी मगरीण आणि जलूकी जळू. पाण्यात जे जे जीव राहतात त्यांनाच पूर्वजांनी माता म्हटले. ज्या विहिरीत मासोळी, कासव आणि बेडूक नांदतात तिचे पाणी जिवंत, हे शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको.

सात स्त्रीदेवतांची ओळ कोरण्याची परंपराही आपल्या प्रदेशात फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृकांचे शिल्पपट आहेत. चौदाव्या लेण्यात, ज्याला 'रावण की खाई' म्हणतात तेथे, आणि एकविसाव्या रामेश्वर लेण्यात ते पाहावयास मिळतात. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, इंद्राणी व चामुंडा अशी त्यांची नावे. अशा ओळीच्या एका टोकाला वीरभद्र अथवा शिव आणि दुसऱ्या टोकाला गणपती असतो. सप्तमातृका आणि साती आसरा एकच आहेत असे मात्र मानू नये. मातृका या पुराणांतील मोठ्या देवांच्या शक्ती, तर आसरा या स्थानिक पाण्याच्या. परंतु सात स्त्रिया आणि त्यांच्या सोबतीला एक पुरुष राखणदार, ही मांडणी दोन्हीकडे आढळते.

याहूनही मागे जावयाचे तर सिंध प्रांतातील, म्हणजे आज पाकिस्तानात असलेल्या, मोहेंजोदडो येथे सापडलेल्या एका मुद्रेचा उल्लेख करावा लागेल. तिच्यावर पिंपळाच्या झाडात उभी एक देवता असून खालच्या बाजूस सात आकृती ओळीने उभ्या आहेत. सिंधू संस्कृतीची लिपी वाचली गेलेली नसल्यामुळे त्या सात जणी कोण, याचा निर्वाळा देता येत नाही. तथापि सातांची ओळ चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीही कोरली जात होती, एवढे ती मुद्रा सांगते.

मावळातील मावलाया

आपल्या महाराष्ट्रात या देवतांचा पायी हिंडून अभ्यास करणारे एक थोर विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६). ते गणिताचे प्राध्यापक होते. परंतु पुण्याच्या आसपासचे डोंगर, घाट आणि पायवाटा त्यांनी तुडविल्या, शेंदूर लावलेले दगड पाहिले आणि धनगर-शेतकऱ्यांना त्यांची नावे विचारली. त्यांचा 'मिथ अँड रिअॅलिटी' हा ग्रंथ १९६२ साली प्रसिद्ध झाला. मावळ भागात पाण्याजवळच्या देवतांना 'मावलाया' म्हणतात आणि हे नाव नेहमी अनेकवचनीच असते, हे त्यांनी नोंदविले. कार्ल्याच्या लेण्यांतील सातवाहनकालीन लेखांत या प्रदेशाचे 'मामाल' असे नाव येते. तेच पुढे मावळ झाले. या नावाचा संबंध त्या मावलायांशी, म्हणजे लहान मातांशी असावा, असे कोसंबींचे मत होते.

हे मत सर्वांनी मान्य करावे असे नाही. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्या दगडांकडे आपण 'बायकांचे देव' म्हणून दुर्लक्ष करतो, त्यांच्याकडे एका जगन्मान्य गणितज्ञाने इतिहासाचे साधन म्हणून पाहिले. राजांचे ताम्रपट असतात, मंदिरांचे शिलालेख असतात. पाणवठ्यावर येणाऱ्या स्त्रियांचा इतिहास कोणी कोरून ठेवला नाही. तो या सात तांदळ्यांत आहे. पुढे अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी महाराष्ट्रातील नद्यांचा धार्मिक अर्थ अभ्यासून १९९५ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही साती आसरांचा विचार आहे. जीवन देणारे आणि जीव घेणारे, अशी पाण्याची दोन्ही रूपे या देवतांत एकत्र आलेली दिसतात.

शाळामास्तरांनी केलेली नोंद

लोकांच्या या समजुती कागदावर आल्या त्याचा इतिहासही विलक्षण आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांना संस्कृतची व लोकवाङ्मयाची आवड होती. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी देव, भुते, विहिरी, झाडे यांविषयी माहिती मागविली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे या तरुण क्रांतिकारकाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व त्यांत ते ठार झाले. मागे राहिलेले कागद आर. ई. एन्थोव्हेन यांनी संपादित करून गुजरातविषयक भाग १९१४ साली आणि कोकणविषयक भाग १९१५ साली प्रसिद्ध केला. पुढे १९२४ साली एन्थोव्हेन यांचा मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील मोठा ग्रंथ निघाला.

सत्ताधाऱ्याने गोळा केलेली माहिती म्हणून कोणी तिच्याकडे संशयाने पाहील, आणि ते समजण्यासारखे आहे. परंतु ती लिहून देणारे हात आपल्याच खेड्यांतील मास्तरांचे होते. आसरा, जखिणी, गिऱ्हा अशा अदृश्य लोकांचा एक मोठा गोतावळा त्यांनी नोंदविला. कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला त्या अनामिक मास्तरांचे विशेष कौतुक वाटते. आपण लिहून ठेवीत आहोत ते शंभर वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल, याची त्यांना कल्पनाही नसेल.

भांडी देणारे तळे

महाराष्ट्रात अनेक तळी-विहिरींविषयी एक कथा सांगतात. आपल्या बारवेविषयीही ती सांगितली जाते. पूर्वी गरिबाच्या घरी लग्नकार्य निघाले की आदल्या दिवशी घरातील कर्ती सवाशीण बारवेवर जाई, हळदकुंकू वाही आणि अमुक इतकी ताटे, इतकी तपेली, इतके हंडे पाहिजेत असे सांगून मागे न पाहता घरी येई. दुसऱ्या दिवशी पहाटे पायऱ्यांवर लखलखीत भांडी मांडलेली असत. कार्य झाले की ती घासूनपुसून, मोजून, परत पाण्यात सोडावयाची. असे पुष्कळ पिढ्या चालले. मग कोणा एकाला मोह झाला. त्याने एक वाटी ठेवून घेतली. त्या दिवसापासून भांडी येणे बंद झाले ते झालेच.

वाटी कोणी ठेवून घेतली हे कोणीच सांगत नाही. प्रत्येक वाडीचे बोट दुसऱ्या वाडीकडे असते. ते असो. येथे आश्चर्य वाटण्यासारखी गोष्ट अशी की, थेट इंग्लंडमध्येही जवळजवळ अशीच कथा आहे. सरे परगण्यात फ्रेन्शॅम नावाचे खेडे आहे. तेथील चर्चमध्ये एक मोठी कढई जपून ठेवलेली आहे. अदृश्य लोकांकडून गावकऱ्यांना अशी भांडी उसनी मिळत. एकदा ही कढई वेळेवर परत केली गेली नाही आणि तेव्हापासून उसने देणे थांबले, अशी तिची कथा. सतराव्या शतकातील जॉन ऑब्री या लेखकाने ती नोंदवून ठेवली आहे. दोन देश, दोन धर्म, दोन भाषा. परंतु शेजाऱ्याचे उसने घेतलेले परत करावे, हा धडा एकच.

आपल्या कथेत भांडी असली तरी तिचा खरा विषय पाणी आहे, असे मला वाटते. पाणी हे आपल्या मालकीचे नाही, ते उसने आहे. गरजेपुरते घ्यावे, मोजून घ्यावे, भांडे स्वच्छ करून परत ठेवावे, मागे येणाऱ्यासाठी राखावे. वाटी ठेवून घेणारा एक निघाला तरी सर्व गावाची भांडी जातात. आज ज्याची बोअर सर्वांत खोल तो सर्वांचे पाणी ओढतो. तेव्हा ही कथा जुनी झाली असे कोण म्हणेल?

भीतीची बाजू

आसरांविषयी लिहिताना केवळ गोड तेवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांच्या भीतीने नुकसानही केले आहे. बाळंतिणीला ताप आला, ती असंबद्ध बोलू लागली, मूल दूर लोटू लागली, की 'आसरा लागल्या' असे म्हणावयाचे आणि भगताला बोलवावयाचे, असा रिवाज होता. सुतिकाज्वर आणि बाळंतपणानंतर येणारा मनाचा आजार या वैद्यकशास्त्राला माहीत असलेल्या गोष्टी आहेत आणि त्यांवर उपचार आहेत. त्या उपचारांवाचून किती लेकीसुना गेल्या त्याची नोंद कोठल्याही दप्तरात सापडणार नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, वैद्यकीय उपचारास अडविणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमान्वये गुन्हा आहे. आसरांची ओटी भरावी, पण आजारी बाईला दवाखान्यात न्यावे. या दोहोंत विरोध नाही.

दुसरी गोष्ट बोलावयास कठीण आहे. पाण्यात जीव दिलेल्या स्त्रिया आसरांना जाऊन मिळतात, अशीही समजूत आहे. 'तिने विहीर जवळ केली' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. सासुरवास, दुष्काळ, कर्ज, बदनामी. कारणे काहीही असोत, प्रत्येक जुन्या गावाच्या विहिरीपाशी असे एखादे दुःख आहे. त्या बाईचे नाव घरात पुन्हा घेतले जात नसे. परंतु पाणवठ्यावर येणाऱ्या इतर बायका सात तांदळ्यांना हळदकुंकू वाहताना तिलाही वाहत. आश्रय आणि अप्सरा हे शब्द व्युत्पत्तीने निराळे आहेत हे वर सांगितलेच. तरीही ज्यांना घरात आसरा मिळाला नाही त्यांना गावच्या बायकांनी आसरांत जागा दिली, हे नाकारता येत नाही. म्हणून त्या कोनाड्यापुढे उभे राहताना आपण केवळ दगडापुढे उभे नाही, आपल्याच काही लेकीसुनांपुढे उभे आहोत, एवढे भान असावे. आणि आज ज्या घरात असे दुःख असेल तेथे शेजाऱ्याने वेळीच दार ठोठवावे. हळदकुंकू नंतर वाहण्यापेक्षा ते फार मोलाचे.

पाणवठ्याचा कायदा

आता जुन्या निर्बंधांकडे पुन्हा पाहू. पाण्यात थुंकू नये, चपला घालून उतरू नये, भर दुपारी व रात्री एकट्याने जाऊ नये, मुलांनी काठावर खेळू नये. पोलीस, ग्रामसेवक किंवा पाणीपुरवठा समिती नसलेल्या काळात हे नियम पाळले जात होते. कारण पाण्यात कोणीतरी राहते आणि ते पाहत आहे, अशी सर्वांची श्रद्धा होती. आपल्या पूर्वजांनी आसरा नेमल्या त्या जणू पाण्याच्या राखणदार म्हणून. शासनाचा कायदा पुष्कळ पुढे आला. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी केली. पुढे २००९ चा अधिक व्यापक अधिनियम झाला. तालुक्याच्या कचेरीत बसून एवढे निश्चित सांगतो की, कागदावरच्या कायद्याला गावची श्रद्धा जोडीला नसेल तर तो कागदावरच राहतो.

श्रद्धेने सर्व काही साधत होते असेही नाही. पायऱ्यांच्या विहिरींमुळे नारूचा रोग पसरत असे, हे वृद्धांना आठवत असेल. नारू झालेला माणूस पाय बुडवून पाण्यात उतरला की जंताच्या अळ्या पाण्यात पडत आणि ते पाणी पिणाऱ्यास पुढील साली नारू होई. १९८३-८४ पासून देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम चालला. पाणी गाळून पिणे, पाण्यात औषध टाकणे, पायऱ्यांच्या विहिरी बांधून घेऊन वरून पाणी शेंदण्याची सोय करणे, असे उपाय झाले. देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. सांगावयाचे तात्पर्य, बारव जशी होती तशीच वापरावी असा माझा आग्रह नाही. तिचे पाणी पिण्यास वापरू नये. परंतु वापरात नाही म्हणून ती मारून टाकावी, हेही योग्य नव्हे.

महाराष्ट्राच्या ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरते ते भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरातून. अशा भूमीत जुन्या लोकांनी विहिरीसाठी निवडलेली जागा ही पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाची असते. १९७२ च्या दुष्काळात चोहीकडच्या विहिरी आटल्या, तेव्हाही आपल्या बारवेच्या तळाशी पाणी होते, असे वृद्ध मंडळी एकमुखाने सांगतात. असा झरा दगडमातीने बुजविला तर पुन्हा मोकळा करणे सोपे नाही. तो एकदा गमावला की पुढचा दुष्काळ पडेल तेव्हा आपण टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसणार.

विनंती

यास्तव जीर्णोद्धार समिती, ग्रामस्थ आणि देणगीदार यांस नम्र विनंती अशी :

सात तांदळे आहेत त्याच कोनाड्यात राहू द्यावेत. आसरांचे घर पाणी आहे. त्यांना संगमरवरी ओट्यावर आणून बसविणे म्हणजे मासोळीला चांदीच्या ताटात ठेवण्यासारखे आहे. मान होईल, पण ती जगणार नाही.

बारव बुजवू नये. जुन्या सभामंडपाचा जो राडारोडा तिच्यात पडला आहे तो काढावा, गाळ उपसावा, सुटलेले चिरे चुन्यात बसवावेत. भोवती कमरेइतका कठडा आणि पायऱ्यांच्या तोंडाशी लोखंडी दार करावे, म्हणजे लहान मुलांना व गुरांना धोका राहणार नाही. मंदिराच्या नव्या छपराचे पावसाचे पाणी गाळणीतून बारवेच्या शेजारी खड्ड्यात मुरवावे. निर्माल्य, प्लॅस्टिक व नैवेद्याचे उष्टे पाण्यात टाकू नये. त्यासाठी वर एक कुंड असावे. वाहनांसाठी जागा शाळेच्या मैदानाच्या कडेने होऊ शकेल, त्याचा विचार ग्रामसभेने करावा.

या कामाला फार मोठी रक्कम लागणार नाही. बहुतेक काम श्रमदानाने होईल. प्रत्येक घराने एक माणूस आणि एक घमेले दिले तरी पुरेल. ज्या देणगीदारांना आपले नाव शिलेवर असावे असे वाटते त्यांना एक सुचवावेसे वाटते. मंदिराच्या भिंतीवरील नाव भाविक वाचतील. परंतु बारवेत साठलेले पाणी गावच्या विहिरींना पाझरेल आणि ते नाव न वाचताही घरोघरी पोहोचेल.

देवस्थानच्या इनाम जमिनींची नोंद गाव नमुना ३ मध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीत असते. कोणत्या देवाला किती जमीन, हे तेथे पाहता येते. आसरांच्या नावे त्यात काही नाही. त्यांनी आपल्या गावाकडून जमीन मागितली नाही, उत्पन्न मागितले नाही. सात बांगड्या, मूठभर दहीभात आणि स्वच्छ पाणी, एवढाच त्यांचा आपल्याशी करार. मंदिराचा जीर्णोद्धार आपण सर्वांनी मिळून केला. आता येत्या उन्हाळ्यात, पाणी खाली गेले म्हणजे, बारवेचे काम हाती घेऊ या आणि पूर्वी कोणी ठेवून घेतलेली ती एक वाटी परत करू या.

श्री भैरवनाथ सर्वांस सुबुद्धी देवो आणि साती आसरा आपल्या पाण्यात सुखाने नांदोत.